दोन्ही चिठ्ठ्यांवर 'जा'

आमच्या मंडळीत माझी एक साक्ष प्रसिद्ध आहे. साक्ष म्हणजे कोर्टातली नव्हे; उपासनेत उभं राहून प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं, ती. शहराच्या छावणी भागातल्या आमच्या चर्चमध्ये ती लोकांना इतकी पाठ झाली आहे, की मी मध्येच खोकले तर पुढच्या बाकावरची म्हातारी पुढचं वाक्य म्हणते. "मी बावीस वर्षांची होते. सासर पिशोरला. शहरात यावं की नाही, काही कळेना. मग मी दोन चिठ्ठ्या टाकल्या, प्रार्थना केली, आणि प्रभूनं माझ्या हातात 'जा' ही चिठ्ठी दिली." इथं बायका आमेन म्हणतात. मी डोळे पुसते. डोळे पुसायची जागासुद्धा ठरलेली आहे.

ही साक्ष मी बावन्न वर्षं दिली. नाताळच्या आठवड्यात, महिला मंडळात, आणि बाहेरगावचे पाळक आले की हमखास. साक्ष तशी चांगली आहे. फक्त ती खरी नाही.

त्या बावीस वर्षांच्या बाईची जरा ओळख करून देते, कारण आता ती भेटली तर मी तिला ओळख दाखवणार नाही. शहरात वाढलेली, नर्सिंगचा कोर्स केलेली, दोन वेण्या घालणारी, आणि आपल्याला सगळं कळतं अशी पक्की खात्री असलेली. पिशोरात लग्न होऊन आली तेव्हा तिनं ट्रंकेतून थर्मामीटर आधी बाहेर काढला, साड्या नंतर. सासूबाई गावातल्या सुईण. अक्षरओळख नाही, पण हाताला डोळे होते. पोटावर हात ठेवून सांगायच्या, बाळ आडवं आहे की सरळ. ही बया त्यांना जंतू म्हणजे काय ते समजावायला बसायची. सासूबाई ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "बरं बाई. आता पाणी उकळाय ठेव."

आठ महिन्यांत बाईसाहेबांना गावाचा कंटाळा आला. नळ नाही, सिनेमा नाही, बांगड्या घ्यायच्या तर बाजाराच्या दिवसाची वाट बघा. रोज पहाटे कुणीतरी दाराशी हजर, "सिस्टर हायत का?" त्यात एक दिवस निरोप आला की शहरातल्या एका दवाखान्यात नर्सची जागा आहे. झालं! मनातल्या मनात मी शहरातल्या गुलमंडीच्या बाजारात पोहोचले. चपला कोणत्या घ्यायच्या तेही ठरलं.

आमचे हे शिवणकाम करायचे. मशीन कुठंही नेता येतं, त्यामुळे त्यांची हरकत नव्हती. ते म्हणाले, "आईला विचार." मी सासूबाईंना आत्याबाई म्हणायची. आत्याबाई भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला काय विचारती? तुला बाया दारात येऊन हाका मारत्यात, त्या काय मी पाठवत्ये का? ज्यानं पाठवल्या त्याला विचार."

त्या घरात विचारायची एक रीत होती. मागच्या पिढ्या देवळात कौल लावायच्या. घराणं ख्रिस्ती झालं, तरी कौलाची सवय कुठंतरी राहिलीच; ती स्टीलच्या वाटीत येऊन बसली. एका कागदावर 'जा', दुसऱ्यावर 'थांब'. घड्या घालायच्या, वाटी शास्त्राजवळ, म्हणजे बायबलाजवळ ठेवायची, सगळ्यांनी गुडघे टेकायचे, आणि ज्याचा प्रश्न त्यानं डोळे मिटून एक उचलायची. मी शहरातली. मला ही रीत गावंढळ वाटायची. पण त्या दिवशी एकदम आवडली.

चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे आलं. ह्यांना मशीन सोडवेना, आत्याबाईंना लिहिता येईना. मी आत गेले. पहिल्या कागदावर 'जा' लिहिलं. दुसरा कागद घेतला. पेन 'थांब'च्या थ वर टेकणार, तेवढ्यात माझ्यातली हुशार बाई म्हणाली, अगं, देवाला कशाला पेचात टाकतेस? त्यालाही आपली सोय बघायची असेलच. मी दुसऱ्यावरही 'जा' लिहिलं.

मग बाहेर येऊन गुडघ्यावर बसले आणि कितीतरी वेळ प्रार्थना केली. "प्रभू, तुझीच इच्छा होवो," असंही म्हटलं. आवाजात थोडा कंप आणला. चिठ्ठी उचलली, वाचली, आणि अगदी चकित झाले! ह्यांचे डोळे भरून आले. मी दुसरी चिठ्ठी उचलायला वाटीकडे हात नेला, पण आत्याबाई वाटी घेऊन उठल्याही होत्या. "धुवून ठेवते," म्हणाल्या.

मला काळजी वाटली नाही. त्यांना वाचता कुठं येत होतं?

निघायच्या दिवशी त्या आम्हाला एसटीपर्यंत सोडायला आल्या. भाकरीचं फडकं माझ्या मांडीवर ठेवलं आणि खिडकीतून माझ्याच कानाशी म्हणाल्या, "तुझा देव लई मनासारखा हाय गं. तू म्हनती तेच म्हनतो. माझा तसा नाय."

गाडी हलल्यावर मी फडकं सोडलं. भाकरीवर वांग्याचं भरीत, आणि कोपऱ्याला एक गाठ. गाठीत दुसरी चिठ्ठी. आत्याबाईंनी ती कुणाकडून वाचून घेतली नसणार. उचललेली मी आनंदानं तिथंच टाकून दिली होती; दोन्ही शेजारी ठेवून बघितल्या असतील त्यांनी. दोन चित्रं सारखी आहेत हे कळायला शाळा शिकावी लागत नाही. एवढं माझ्यासारख्या शिकलेल्या बाईच्या डोक्यात आलं नव्हतं.

कन्नडचं स्टँड येईपर्यंत मी मान वर केली नाही. कन्नडला ह्यांनी चहा आणला आणि मी भरीत-भाकर खाल्ली. भूक लागली होती. लाज आणि भूक एकाच वेळी लागली की मी आधी भूक भागवते. ती सवय अजून आहे.

शहरात सगळं छान झालं, हीच तर पंचाईत. नोकरी लागली, ह्यांचं दुकान चाललं, पोरं शिकली. देवानं माझ्या खोट्या चिठ्ठीवरही भाकर दिली. म्हणून मी ती साक्ष द्यायला लागले. पहिल्यांदा दिली तेव्हा अडखळले. तिसऱ्यांदा दिली तेव्हा मला स्वतःलाच खरी वाटली. एकदा सासूबाई आल्या असताना मला साक्ष द्यायला उभं केलं. मी थांबू शकले असते. नाही थांबले. सगळ्यांत मोठ्यानं आमेन त्यांनी म्हटलं. घरी येताना रिक्षात नुसत्या गालातल्या गालात हसत होत्या.

मी गेल्यावर पिशोरात अवघड बाळंतपणाच्या बाईला कन्नडला न्यावं लागायचं, बैलगाडीतून, मिळाली तर जीपमधून. त्यातली कोण पोहोचली नाही, हे आत्याबाईंनी मला कधी सांगितलं नाही. मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

हे सगळं आज लिहायचं कारण माझी नात.

नात म्हणजे मुलाची मुलगी. चोवीस वर्षांची, तीही नर्स. माझी साक्ष ऐकत ऐकत मोठी झाली आणि आजीसारखं व्हायचं म्हणून या धंद्यात आली. वर्षभर जर्मन भाषेचा क्लास करत होती; सकाळी मला 'गुटन मॉर्गन' म्हणायची, मी 'जय ख्रिस्त' म्हणायची. त्याच वर्षी ती पिशोरच्या पलीकडच्या एका आरोग्य केंद्रात कंत्राटावर काम करत होती. रोज पहाटे स्टँडवर स्कूटी लावून एसटीनं जायची, संध्याकाळी धुळीनं माखून यायची, आणि स्कूटीची चावी टाकून आधी माझ्या गुडघ्यांना तेल लावायची. मग जर्मनीतल्या दवाखान्याचं पत्र आलं. त्याच आठवड्यात केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनीही विचारलं, राहतेस का पुढं, इथं राहायला खोली देतो. दोघांनाही शुक्रवारपर्यंत उत्तर हवं होतं.

रविवारी उपासना झाल्यावर सगळे आमच्याकडे जमले. नानखलिया, म्हणजे नान आणि मटणाचा झणझणीत रस्सा, आणला होता. जेवता जेवता सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. मुलगा बँकेत, त्यानं कागदावर दोन रकाने आखून आणले होते, एक जर्मनीचा, एक इथला. जर्मनीचा रकाना पानाच्या तळापर्यंत गेला होता, इथल्यात एकच ओळ, 'आजी'. सूनबाई म्हणाली, "तिकडं थंडी असते, पण स्वेटर मिळतात की." पाळकसाहेब सहज डोकावले, तेही म्हणाले, "संधी आहे बेटा, दार उघडलंय." शेजारच्या ताई ताक द्यायला आल्या आणि त्यांनीही मत देऊन टाकलं.

नात नळी चोखत बसली होती. मग बोटं पुसून म्हणाली, "बास. पप्पा, तुमचं गणित बरोबर आहे, पण मला ते नकोय. मी देवाला विचारणार. आजीनं विचारलं तसं. आजी, तूच लिही चिठ्ठ्या. तुझ्या हाताला यश आहे."

मुलगा म्हणाला, "हां, हे बरंय. आईच्या चिठ्ठीवर आपण सगळे शहरात आलो."

नाही म्हणता आलं असतं. पण मी उठले. का उठले? कारण मला मान मिळाला होता, आणि मानाचं जेवण मी कधी सोडत नाही.

नातीनं जर्मनच्या वहीतला एक कागद फाडून दोन तुकडे केले. मी आतल्या खोलीत गेले, दार लोटलं. चष्मा लावला. पहिल्या तुकड्यावर लिहिलं, 'थांब'. घडी घातली. दुसरा घेतला, लिहिलं, घडी घालायला लागले, आणि माझं लक्ष अक्षराकडे गेलं.

'थांब'.

मी मुद्दाम लिहिलं म्हणू, की हातानं लिहिलं म्हणू? हात माझाच. चौऱ्याहत्तर वर्षांचा, शिरा वर आलेला. या वेळी पेन थबकलंही नव्हतं. बावीस वर्षांच्या त्या बाईला मी इतकी वर्षं हसत आले, तिच्या वेण्यांना, तिच्या थर्मामीटरला. आणि ती कुठंही गेली नव्हती. इथंच पलंगावर बसली होती, गुडघ्यांना तेल कोण लावणार याची चिंता करत.

बाहेरून सूनबाईची हाक आली, "आई, झालं का? आइस्क्रीम वितळतंय."

तिसरा कागद घेऊन 'जा' लिहिता आलं असतं. कुणाला काही कळलं नसतं. साक्ष शाबूत राहिली असती. पण मला एसटीची ती खिडकी आठवली. मग मी शास्त्राच्या कव्हरमागून ती जुनी चिठ्ठी काढली. फेकायचं धाडस कधी झालं नव्हतं. तिन्ही चिठ्ठ्या घेऊन बाहेर गेले आणि नानखलियाच्या भांड्याशेजारी उघडून ठेवल्या.

मुलानं वाचल्या. "दोन्हींवर थांब? आई, हे काय?"

"व्हय," मी म्हणाले. घाबरले की माझ्या तोंडात पिशोर येतं. "आणि बावन्न वर्षांपूर्वी दोन्हींवर जा होतं. ही त्यातली एक. तुझ्या आजीनं भाकरीत बांधून दिली होती."

सूनबाईनं हळूच आइस्क्रीम पुन्हा फ्रीजमध्ये ठेवलं.

नात हसली नाही. मला वाटलं होतं हसेल. "म्हणजे दर नाताळला तू जे सांगतेस ते..."

"खोटं."

"मी त्यावर नर्स झाले, आजी. सगळ्या जगाला सांगत फिरले मी, माझ्या आजीला देवानं..." तिचा आवाज फाटला. "आणि आज परत? माझ्या बाबतीत?"

"हो. मला तू इथं हवी होतीस. देवाचं नाव पुढं केलं की कुणी उलटून बोलत नाही, हे मला फार लवकर कळलं होतं."

ती गॅलरीत जाऊन उभी राहिली. मुलगा म्हणाला, "झालं ना मग? चिठ्ठ्याबिठ्ठ्या राहू द्या. उद्या जर्मनीला होय कळव."

तिथं मात्र मी काठी टेकून उभी राहिले. माफीनं मऊ झालेली म्हातारी बघून कुणी कारभार हातात घ्यायला लागलं, तर मला चालत नाही. "मी लबाडी केली म्हणून देवाला विचारायचंच नाही होय? मी विचारलंच नव्हतं, हाच तर गुन्हा. शुक्रवारपर्यंत या घरात कुणी तिला सल्ला द्यायचा नाही. तू नाही, तुझे रकाने नाहीत, पाळकसाहेब नाहीत. आणि मी तर अजिबात नाही."

नात गॅलरीतूनच म्हणाली, "आणि देव बोलला हे कळणार कसं?"

"मला कुठं माहीत? मी आजवर नुसती बोलतच आलेय. ऐकून बघितलंच नाही. आता दोघी मिळून बघू."

आमच्या भागात नळाला पाणी येतं ते पाच-सहा दिवसांनी, आणि कधी येईल ते कुणाला सांगता येत नाही. म्हणून बाया ड्रमांची झाकणं काढून, नळ उघडा ठेवून कामं करतात, आणि नळानं घरघर केली की धावतात. मी तिला म्हटलं, "तसं बसू. पाणी आणणं आपल्या हातात नाही. झाकणं काढणं आहे." ती अजून रागात होती, पण सोमवारी पहाटे माझ्या खोलीत येऊन बसली. भिंतीकडे तोंड करून.

आता माझी गंमत ऐका. पहिल्या दिवशी मी डोळे मिटून म्हटलं, "प्रभू, तुझी इच्छा." आणि लगेच खालच्या आवाजात, "पण तिकडं थंडी फार असते हं." दुसऱ्या दिवशी मी देवाला माझ्या गुडघ्यांची आठवण करून दिली. बुधवारी मला माझीच शिसारी आली. मी तोंडात लवंग ठेवली आणि ठरवलं, ती विरघळेपर्यंत मनातसुद्धा एक शब्द नाही. लवंग विरघळत नाही, हे तेव्हा लक्षात आलं. जीभ झणझणत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि तेवढ्यात प्रथमच माझ्या आत थोडी शांतता झाली. त्या शांततेत मला काही आकाशवाणी ऐकू आली नाही. एवढंच कळलं, की ही पोर माझी नाही. मला सांभाळायला दिली होती, ठेवून घ्यायला नाही. तेव्हा मी दात आवळून म्हटलं, "ने तिला. पाहिजे तिथं ने." दात आवळून म्हटलेलं देव धरत असेल अशी आशा आहे.

गुरुवारी पहाटे नात बोलली. भिंतीकडचं तोंड माझ्याकडे वळवलं.

"आजी, दोन महिन्यांपूर्वी केंद्रात एक बाळ गेलं. माझ्या हातात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुझी चूक नव्हती. गाडीच उशिरा आली होती. तुला सांगितलं नाही मी."

मी तिचा हात धरला. लवंग नव्हती तोंडात, तरी नाही बोलले.

"चार दिवस विचारतेय, जर्मनीला जाऊ का, आणि दरवेळी त्या बाळाची आई समोर येते. पदर तोंडात धरलेली. जर्मनी वाईट नाही गं. पण मला तिकडं जायचं नव्हतं. मला इथून पळायचं होतं. हे मला माहीतच नव्हतं."

"मग?"

"मग काय. काल मी पहिल्यांदा विचारलं, तूच सांग, आणि नाही म्हणालास तरी चालेल. आणि भीती गेली. झोप लागली मला. दोन महिन्यांनी." तिनं नाक पुसलं. "मी तिथं राहणार. खोली घेणार. रोज जाऊन-येऊन नाही जमत, रात्री-अपरात्री बाया येतात."

म्हणजे 'थांब'च निघालं शेवटी. पण माझ्या अक्षरात नव्हे. मी लिहिलं होतं 'माझ्यापाशी थांब'. तिला मिळालं ते 'तिकडं थांब'. देव वाचतो नीट, एवढं खरं.

मुलगा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याला अजून वाटतं, मी लवंगेच्या नावाखाली काहीतरी केलं. त्याचा रकान्यांचा कागद फ्रीजवर तसाच आहे. त्याचं गणित चुकलं असं मी म्हणत नाही. नात पुढंमागं जाईलही जर्मनीला. बोलावलं तर. पळून नाही.

रविवारी ती बॅग घेऊन निघायची होती, उपासना झाल्यावर. पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे का? मी काठीवर भार देऊन उठले. पुढच्या बाकावरच्या म्हातारीनं कौतुकानं मान डोलावली. नात बायकांच्या रांगेत, बॅग पायाशी, माझ्याकडे रोखून बघत होती.

"मी बावीस वर्षांची होते," मी म्हणाले.

"पिशोरला," म्हातारीनं मदत केली.

"पिशोरला. शहरात यावं की नाही कळेना, असं मी सांगत आले. मला चांगलं कळत होतं. मला यायचंच होतं."

म्हातारी गोंधळून मागे वळली. पुढचं वाक्य तिला येत नव्हतं. मलाही पाठ नव्हतं.

"दोन चिठ्ठ्या टाकल्या," मी म्हणाले, "आणि दोन्हींवर मीच 'जा' लिहिलं होतं. माझ्या सासूला वाचता येत नाही म्हणून."

सगळं सांगितलं. भरीतसुद्धा. डोळे पुसायची जागा आली आणि गेली, मी पुसले नाहीत. शेवटी सांगितलं, की मी गेल्यावर तिथं कोण कोण वाचलं नाही हे मी कधी विचारलं नाही, आणि आज दुपारच्या गाडीनं नातीबरोबर जाऊन विचारणार आहे. सासूबाईंच्या वेळच्या दोघी-तिघी अजून आहेत तिथं.

मी खाली बसले. कुणी आमेन म्हणेना. पाळकसाहेब गीताचं पान शोधत होते, बहुतेक उलटं धरून.

मग बायकांच्या रांगेतून एक आमेन आलं, मोठ्यानं, जवळजवळ भांडल्यासारखं. नातीचं होतं. अगदी तिच्या पणजीसारखं, फक्त या वेळी हसू नव्हतं त्यात.

"चल आजी," ती बॅग उचलत म्हणाली, "गाडी चुकेल. आणि तेलाची बाटली घे. तिकडं लावून देते."